२ ऑगस्ट २०२७ चे खग्रास सूर्यग्रहण: गोव्यातून पहिल्यांदाच पाहू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी होणारे सूर्यग्रहण खग्रास आहे, पण गोव्यातून ते खंडग्रासच दिसेल, आणि तेही ऐन पावसाळ्यात. या एका वाक्यातल्या दोन अडचणी नीट समजल्या की पुढची तयारी सोपी होते. ८ एप्रिल २०२४ चे खग्रास ग्रहण मी अमेरिकेतील डॅलस शहरातून पाहिले. तेव्हापासून फोंडा, म्हापसा, डिचोली अशा ठिकाणचे ओळखीचे लोक मला २०२७ बद्दल विचारतात आणि प्रश्न बहुधा तेच असतात: किती वाजता, कुठून, आणि त्यासाठी काय करावे लागेल. हा लेख त्यांच्यासाठी आणि दूरदर्शक कधी हातात न घेतलेल्या वाचकांसाठी आहे.

१. कोणत्या ठिकाणी काय दिसेल, हे आधी निश्चित करा

चंद्राची गडद छाया पृथ्वीवर ज्या अरुंद पट्ट्यावरून सरकते, केवळ त्या पट्ट्यातच ग्रहण खग्रास दिसते. २०२७ च्या ग्रहणात हा पट्टा सर्वाधिक ग्रहणाच्या ठिकाणी सुमारे २५८ किलोमीटर रुंद असेल. तो अटलांटिक महासागरात सुरू होऊन दक्षिण स्पेन व जिब्राल्टरची सामुद्रधुनी, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया यांवरून जाईल आणि हिंदी महासागरात चागोस बेटांच्या परिसरात संपेल. भारताचा कोणताही भाग या पट्ट्यात येत नाही.

गोव्यात सूर्यबिंबाचा निम्म्यापेक्षा कमी भाग झाकला जाईल. एवढ्याने अंधार पडत नाही आणि उन्हाचा रंगही फारसा बदलत नाही. आकाश निरभ्र असले तरी कोणी सांगितले नाही तर रस्त्यावरच्या माणसाला ग्रहण चालू असल्याचे कळणार नाही. म्हणून ‘घरबसल्या खग्रास’ अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नका.

‘नव्याण्णव टक्के म्हणजे जवळजवळ खग्रासच’ हा समज याहून घातक आहे. सूर्याचा एक टक्का भाग उघडा असला तरी त्याच्या प्रकाशापुढे प्रभामंडल, म्हणजे करोना, दिसू शकत नाही, कारण करोना सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लाखपट मंद असतो. नव्याण्णव टक्क्यांना आकाश फक्त मलूल होते. शंभर टक्क्यांना भरदुपारी तेजस्वी ग्रह दिसू लागतात, क्षितिजावर सर्व बाजूंनी संधिप्रकाश पसरतो आणि सूर्याच्या जागी पांढऱ्या ज्वाळांनी वेढलेले काळे वर्तुळ उरते. त्यामुळे पट्ट्याच्या आत जायचे की नाही, हा पहिला निर्णय आहे. बाकी सगळे त्यावरून ठरते.

२. वेळ काढायला शिका, ऐकीव वेळेवर थांबू नका

ग्रहणाची एकच एक वेळ नसते. छाया पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असल्यामुळे प्रत्येक गावाचा स्पर्श (ग्रहणाची सुरुवात), मध्य आणि मोक्ष (ग्रहणाचा शेवट) वेगवेगळा असतो. खग्रास ग्रहणात त्यांत आणखी दोन क्षण येतात: संमीलन, म्हणजे बिंब पूर्ण झाकले जाण्याचा क्षण, आणि उन्मीलन, म्हणजे ते पुन्हा उघडू लागण्याचा. हे पंचांगातले जुने शब्द असून आजही तितकेच उपयोगी आहेत, म्हणून ते लक्षात ठेवा. खग्रास स्थितीचा अवधी म्हणजे संमीलन ते उन्मीलन. स्पर्श ते मोक्ष एवढा संपूर्ण काळ काही ठिकाणी अडीच तासांपेक्षाही जास्त असतो. या दोन अवधींची गल्लत करून ‘ग्रहण अडीच तास चालणार आहे, मग सावकाश जाऊ’ असे म्हणणारे लोक खग्रास संपल्यावर मैदानावर पोहोचतात.

सर्वाधिक ग्रहण आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार १० वाजून ७ मिनिटांच्या सुमारास, इजिप्तमधील लक्सर शहराच्या आग्नेयेस होईल आणि तिथे खग्रास स्थिती ६ मिनिटे २३ सेकंद टिकेल. भारतीय प्रमाणवेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवले की दुपारचे ३ वाजून ३७ मिनिटे होतात. हीच वेळ बातम्यांतून ‘ग्रहणाची वेळ’ म्हणून फिरेल आणि लोक त्या मिनिटाला पणजीच्या आकाशाकडे पाहतील, जेव्हा गोव्यात स्पर्शही झालेला नसेल. गोव्यात ग्रहण दुपारी पावणेचारच्या पुढे सुरू होईल, साडेचार ते पाचच्या दरम्यान त्याचा मध्य येईल आणि सहाच्या आत ते सुटेल. मिनिटा-सेकंदांसाठी आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश देऊन गणित करावे लागते आणि ते आज कोणालाही जमते. नासाच्या संकेतस्थळावरील परस्परसंवादी नकाशावर गावावर टिचकी मारली की पाचही क्षण मिळतात. ‘स्टेलॅरियम’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्या दिवशीचे आकाशच पडद्यावर उभे करते. कोलकात्याचे पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर भारतातील शहरांसाठी अधिकृत वेळा प्रसिद्ध करते. मुंबईसाठी छापलेली वेळ गोव्याला लावू नका. अंतर थोड्याच मिनिटांचे असते, पण खंडग्रासाची सुरुवात टिपायची असेल तर तेवढ्यानेही ती हुकते.

परदेशात जाणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची खातरजमा करावी. इजिप्तमध्ये २०२३ पासून उन्हाळी वेळ पुन्हा सुरू झाली असून घड्याळे एक तास पुढे केली जातात. तीच पद्धत २०२७ मध्येही राहिली तर लक्सरला संमीलन स्थानिक घड्याळानुसार दुपारी एक वाजून काही मिनिटांनी होईल, आणि सरकारने ती बदलली तर बाराच्या पुढे. त्यामुळे आपल्या टिपणवहीत प्रत्येक वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेतच लिहा आणि स्थानिक वेळ शेजारी पेन्सिलीने नोंदवा.

३. ऋतूचा विचार करा, कारण तोच खरा अडथळा आहे

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. २ ऑगस्टला दुपारी साडेचारला सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, क्षितिजापासून तीसेक अंश उंचीवर असेल. म्हणजे आपली नजर नेमकी समुद्रावरून येणाऱ्या ढगांच्या दिशेलाच असेल. मिरामारला किंवा कोलव्याला उभे राहण्याने काही साधत नाही. सूर्य इतका वर असल्यामुळे समोर मोकळे क्षितिज असण्याची गरजच नाही. फोंड्यातील गच्ची तेवढीच चांगली, शिवाय पाऊस आला तर आत जाता येते.

घाटापलीकडे जावे का, असा प्रश्न येतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील कोरड्या पठारावर, विजयपुरा किंवा सोलापूरच्या बाजूला, पाऊस पुष्कळ कमी असतो, पण पावसाळी ढग तिथेही असतात. केवळ खंडग्रासासाठी मी तो प्रवास करणार नाही. चोर्ला घाटात थांबण्याचा विचार तर सोडूनच द्या. ऑगस्टमध्ये तिथे समोरची गाडी दिसली तरी पुष्कळ.

पावसाळी ग्रहणांचा इतिहास आपल्या भागात जुना आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची छाया दख्खनवरून गेली. पूर्वेकडे गुंटूरला बसलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनला सूर्यज्वालांचा वर्णपट मिळाला आणि हेलियमच्या शोधाचा मार्ग तिथून उघडला, तर जमखंडीला गेलेल्या जॉन हर्शेल यांना ढगांनी सतावले. याउलट २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण कोरड्या ऋतूतले होते. त्यासाठी हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आले आणि पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगामवाला जेऊरला गेले. विजयदुर्गावरील ‘साहेबाच्या ओट्यां’शी लोक १८६८ चा हेलियमचा शोध जोडतात, पण लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. आपल्या शेजारच्या किल्ल्याबद्दलची ही गोष्ट निदान आपण तरी बरोबर सांगावी.

२२ जुलै २००९ चे ग्रहण अनेकांना आठवत असेल. सुरतेपासून पाटण्यापर्यंत लाखो लोक पहाटे उठले आणि बहुतेकांनी ढगच पाहिले. वाराणसीला मात्र ते दिसले. २०२७ चे ग्रहण त्याच कुळातले, १३६ क्रमांकाच्या सारोस मालिकेतले आहे. १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे आठ तासांनी या मालिकेतले पुढचे ग्रहण येते आणि त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असल्यामुळे छाया पश्चिमेला सरकते. भारत आणि चीनवरून गेलेला पट्टा या वेळी उत्तर आफ्रिकेवर का येतो, याचे उत्तर हेच.

४. पट्ट्यातील ठिकाण निवडा

निवडीचे निकष तीन आहेत: आकाश, अवधी आणि आपल्याला तिथे पोहोचणे किती सोपे आहे ते.

लक्सर: ऑगस्टमध्ये आकाश जवळजवळ नेहमीच निरभ्र असते आणि अवधी सहा मिनिटांहून अधिक मिळतो. अडचण उष्णतेची आहे, कारण तापमान सहज चाळीस अंशांच्या वर जाते. सूर्य जवळजवळ डोक्यावर, सुमारे ८२ अंशांवर असेल, त्यामुळे खुर्चीत बसून मान दुखते. चटई अंथरून आडवे व्हावे, हे उत्तम. कॅमेऱ्याच्या तिपाईलाही तो कोन सहज जमत नाही. घरी एकदा रोखून पाहा.

जेद्दा: गोव्यातील अनेक कुटुंबांतले कोणीतरी आखातात नोकरीला असते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा पर्याय स्वाभाविक आहे. खग्रास अवधी सुमारे सहा मिनिटे आहे, पण समुद्रकिनाऱ्याची दमट हवा आणि धूसरपणा गृहीत धरा. मक्काही पट्ट्यात येते, परंतु तिथे केवळ मुस्लिमांना प्रवेश आहे.

दक्षिण स्पेन: तारिफा येथे साडेचार मिनिटांहून थोडा अधिक, तर मालागाला दोन मिनिटांहून कमी अवधी मिळतो. वेळ सकाळची असेल. सामुद्रधुनीत पूर्वेचा वारा सुटला की जिब्राल्टरच्या डोंगरावर ढग धरतो, हे तिथले नित्याचे आहे. पोर्तुगीज पारपत्र असलेल्या गोंयकारांना इथे व्हिसा लागत नाही आणि हा फायदा लहान नाही.

माझा कौल स्पष्टपणे लक्सरच्या बाजूने आहे. ग्रहण पाहायला जाताना ढगांची चिंता न करणे हे सुख फार थोड्या ग्रहणांत मिळते.

पट्ट्याच्या मध्यरेषेचा आग्रह मात्र अतिरेकाने धरू नका. मध्यरेषेपासून कडेपर्यंतच्या अर्ध्या अंतरावरही कमाल अवधीच्या सुमारे ८५ टक्के वेळ मिळतो. कडेजवळ गेल्यावर तो झपाट्याने घटतो. २०२४ मध्ये डॅलसला साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ मिळाला, तर जवळच्याच फोर्ट वर्थला सुमारे अडीच मिनिटे.

५. सहल कंपनीला हे प्रश्न विचारा

‘इजिप्त ग्रहण विशेष’ अशा जाहिराती दिसतील. कैरो शहर खग्रास पट्ट्याबाहेर आहे आणि तरीही पिरॅमिडचे चित्र प्रत्येक पत्रकावर असेल. म्हणून २ ऑगस्टला दुपारी आपण नेमके कोणत्या ठिकाणी उभे असू, त्या जागेचे अक्षांश-रेखांश काय, तिथला अवधी किती सेकंद आणि सावली व पाण्याची सोय काय, हे लेखी मागा. हॉटेलचे आरक्षण पक्के आहे की ‘समकक्ष हॉटेल’ अशी पळवाट ठेवली आहे, तेही पाहा. ग्रहणाच्या काळात दर वाढतात आणि जुनी स्वस्त आरक्षणे रद्द होण्याचे प्रकार सर्वत्र घडतात. लक्सरला किमान दोन दिवस आधी पोहोचणारा कार्यक्रम निवडा. ग्रहणाच्या आदल्या रात्री दाबोळीहून किंवा मोपाहून निघून, मध्ये विमान बदलून, वेळेवर पोहोचण्याची योजना मी कोणालाही सुचवणार नाही, कारण आपल्याकडील ऑगस्टच्या पावसात पहिलेच विमान रखडू शकते.

६. कागदपत्रे जमवा

– प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने वैध असलेले पारपत्र. नवीन काढायचे किंवा नूतनीकरण करायचे असल्यास पणजीच्या पारपत्र कार्यालयात शाळेच्या सुट्ट्यांआधीच अर्ज करा. लहान मुलांना स्वतंत्र पारपत्र लागते.
– व्हिसा. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो, म्हणजे फेब्रुवारी २०२७ मध्ये. इजिप्त व सौदीचे नियम बदलत असतात, ते त्या देशांच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा, एजंटच्या व्हॉट्सॲप संदेशात नाही.
– पोर्तुगीज पारपत्रधारकांनी परतीसाठी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) सोबत ठेवावे.
– प्रवास विमा, ज्यात उष्माघातावरील उपचार आणि विमान चुकल्याची भरपाई समाविष्ट आहे.
– नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावांसह.

७. डोळ्यांचे संरक्षण आणि साहित्य

डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाहीत. त्यामुळे इजा होत असताना काहीच कळत नाही आणि काही तासांनी नजरेच्या मध्यभागी डाग पडल्याचे लक्षात येते. आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेले ग्रहण-चष्मेच वापरा. बनावट चष्म्यांवरही हा क्रमांक छापलेला आढळतो, म्हणून घरी तपासा: चष्म्यातून दिव्याकडे पाहिल्यास जवळजवळ काहीही दिसता कामा नये. पणजीतील असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी या संस्थेच्या किंवा मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्राच्या मंडळींना विचारले तर योग्य चष्मा ओळखायला मदत होईल. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, एकावर एक दोन गॉगल आणि परातीतल्या हळदीच्या पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काहीही सुरक्षित नाही. वेल्डिंगची काच वापरायची असेल तर ती १४ क्रमांकाचीच हवी. चष्मा लावून दुर्बिणीतून पाहणे सर्वांत धोकादायक आहे, कारण एकवटलेला प्रकाश चष्मा जाळून डोळ्यात जातो. सौर गाळणी, म्हणजे सोलर फिल्टर, दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर बसवावी लागते.

गोव्यात थांबणाऱ्यांना याहून साधा मार्ग आहे. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून येणारे ऊन पांढऱ्या कागदावर घ्या. कागद एक मीटर दूर धरला तर सूर्याची प्रतिमा सुमारे नऊ मिलिमीटरची पडते. स्वयंपाकघरातली भोकांची चाळणी उन्हात धरली तर अंगणभर कोरींची रांगोळी उमटते. पातळ ढगांआडून सूर्य दिसत असेल तरी चष्मा काढू नका. ढग म्हणजे गाळणी नव्हे.

प्रवाशांनी प्रत्येकी दोन चष्मे, रुंद काठाची टोपी, चटई, पाणी व क्षार-साखरेची पाकिटे, लहान विजेरी आणि आपोआप वेळ जुळवणारा मोबाइल सोबत घ्यावा. कॅमेऱ्याबद्दल माझे मत सर्वांना पटत नाही, तरी सांगतो: पहिल्या खग्रासाला कॅमेरा नेऊ नका. करोनाची उत्कृष्ट छायाचित्रे दुसऱ्या दिवशी शेकड्यांनी उपलब्ध होतात, पण सहापैकी तीन मिनिटे बटणांशी झटण्यात गेली तर ती परत मिळत नाहीत.

८. प्रत्यक्ष त्या वेळी काय करावे

स्पर्शापासून संमीलनापर्यंत सव्वा तासाहून अधिक वेळ जातो आणि या संपूर्ण काळात चष्मा आवश्यक आहे. पहिली चाळीस-पन्नास मिनिटे पाच-दहा मिनिटांनी एकदा पाहिले तरी चालते. तोवर सावलीत बसा. शेवटच्या पंधरा मिनिटांत ऊन विचित्र पांढुरके होते, सावल्यांच्या कडा एका दिशेने धारदार दिसतात आणि हवा गार होऊ लागते. शेवटच्या मिनिटाला जमिनीवर पांढरे कापड पसरलेले असेल तर त्यावर सरकणाऱ्या छायापट्ट्या दिसू शकतात. मग चंद्राच्या कडेवरील दऱ्यांतून झिरपणारे प्रकाशाचे मणी आणि शेवटी एकच उरलेला मणी, म्हणजे हिऱ्याची अंगठी. तो विझला की चष्मा काढा. अनेकजण भीतीने तो लावूनच ठेवतात आणि त्यांना केवळ काळोख दिसतो. खग्रास स्थितीत उघड्या डोळ्यांनी पाहणे सुरक्षित आहे, आणि करोना पाहण्याचा दुसरा मार्ग नाही. पश्चिमेच्या कडेला पहिला मणी चमकला की लगेच पुन्हा चष्मा लावा. सहा मिनिटे फार वाटतात, म्हणून पाच मिनिटांचा गजर लावून ठेवा.

गटात ज्येष्ठ मंडळी असतील तर वेध पाळणे, उपवास आणि स्नान यांविषयी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. त्या दिवशी आषाढी अमावास्या, म्हणजे आपल्याकडची दिव्यांची अवसही आहे. ग्रहणाचा अन्नावर किंवा गर्भवतीवर कोणताही परिणाम होत नाही, पण चाळीस अंशांच्या उन्हात पाणी न पिण्याचा परिणाम मात्र नक्की होतो. उपवास करणाऱ्यांनी किमान पाणी प्यावे, एवढा आग्रह धरा.

९. अफवा ओळखा

२०२५ च्या उन्हाळ्यात ‘२ ऑगस्टला सारे जग सहा मिनिटे अंधारात’ असा संदेश फिरला होता. तारीख याच ग्रहणाची होती, वर्ष चुकीचे होते आणि ‘सारे जग’ हे निव्वळ असत्य होते. २०२७ मध्ये तो पुन्हा येईल. अंधार एका वेळी केवळ पट्ट्याच्या छोट्या तुकड्यावर पडतो. सहा मिनिटांचा अवधी मात्र खरा आहे, कारण जुलैच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, त्यामुळे सूर्यबिंब किंचित लहान दिसते, आणि या वेळी चंद्र पृथ्वीच्या जवळ असल्याने त्याचे बिंब मोठे असेल.

१०. जाणे जमले नाही तर

२ ऑगस्टला दुपारी साडेतीनपासून इजिप्तमधील थेट प्रक्षेपण पाहा आणि ढग फाटलेच तर पावणेपाचला गच्चीवर जा. पुढच्या संधीही नोंदवून ठेवा. २१ मे २०३१ रोजी कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा केरळ आणि तमिळनाडूवरून जातो. तिथे मडगावहून रात्रीच्या गाडीने पोहोचता येते, पण कंकणाकृती ग्रहणात करोना दिसत नाही आणि चष्मा पूर्ण वेळ लावावा लागतो. भारतातून दिसणारे पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी, दिवस कलताना, कारगिल-लडाखच्या भागात आहे. त्याला व्हिसा लागत नाही, मात्र मार्चमध्ये तिथले रस्ते बर्फाखाली असू शकतात, त्यामुळे विमानाने लेहला आधी पोहोचून विरळ हवेची सवय करून घेण्यासाठी काही दिवस हाताशी ठेवावे लागतील.